बोर्ड कोणतं, हा नंतरचा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलीला तेरा पूर्ण झाली, चौथीनंतर शाळा थांबवली, साताऱ्यात घरीच शिकते आणि आतापर्यंतचं बरंचसं मराठीतून. गणितात रमते, पक्ष्यांच्या नोंदवह्या भरते. आता मामेभाऊ अकरावीच्या क्लासला जाऊ लागल्यावर तिनंच विचारलं, की मला इंजिनिअर किंवा डॉक्टर व्हायचं झालं तर होता येईल का. त्यावरून घरात दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात, पुन्हा शाळेत घाला. तुम्ही विचारता, एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय), राज्य मंडळ की केंब्रिज? कोणता अभ्यासक्रम घेतला म्हणजे पुढे इंजिनिअरिंगची जेईई, मेडिकलची नीट, राज्याची सीईटी या प्रवेश परीक्षांना अडचण येणार नाही?

तुम्हाला सगळ्यात मोठा घोर ज्याचा लागलाय ते आधी सांगते. दार बंद नाही. एनआयओएसची पाच विषयांची बारावी जेईई मेनच्या पात्र परीक्षांच्या यादीत आहे. राज्याच्या सीईटीतूनही ही मुलं इंजिनिअरिंगला जातात. नीटबद्दल बरीच वर्षं गोंधळ होता. मुक्त विद्यालयाच्या मुलांना बसू द्यायचं की नाही यावर कोर्टकचेरी झाली. पण २०२३ चे वैद्यकीय पदवी शिक्षणाचे नवे नियम आले, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर पडदा टाकला आणि तो अडसर गेला. तेव्हा 'घरी शिकवलंत, आता हिचं कसं होणार' असं कुणी म्हणालं तर निदान पात्रतेच्या बाबतीत काळजी करू नका.

पण तुमचा खरा प्रश्न बोर्डाचा नाही असं मला वाटतं. मी पुण्यात घरी शिकणाऱ्या मुलांना आठवी ते बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र शिकवते, माझी स्वतःची दोन्ही मुलं याच वाटेनं गेली. इतक्या वर्षांत एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली आहे. 'अभ्यासक्रम निवडायचा' असं म्हणताना पालक तीन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतात. पहिली, मूल रोज काय आणि कशातून शिकणार. दुसरी, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र कुठून मिळणार. तिसरी, प्रवेश परीक्षेची तयारी. शाळेतल्या मुलाला या तिन्ही एकत्र बांधून मिळतात, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे कळायचं कारणच पडत नाही. घरी मात्र त्या वेगळ्या ठेवता येतात, आणि ठेवाव्यातच. बोर्ड कागदासाठी घ्यायचं. शिकणं मुलीच्या वकुबाप्रमाणे आणि आवडीप्रमाणे चालू द्यायचं. प्रवेश परीक्षा हा शेवटच्या दोन वर्षांचा वेगळा सराव धरायचा. एकाच पुस्तकसंचातून तिन्ही साधायला गेलं की तिन्ही अर्धवट राहतात.

उलट टोकाचीही माणसं भेटतात, म्हणून तेही बोलते. २०१६ मध्ये मुंबईच्या एका मुलीची बातमी खूप गाजली होती. सातवीनंतर घरी शिकलेली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं, आणि बारावी न करताच थेट अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात. ती बातमी दाखवून 'बोर्ड हवंच कशाला' असं विचारणारे पालक अजून येतात. त्याच बातमीतला दुसरा भाग ते विसरतात: बारावीचा कागद नव्हता म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. ऑलिम्पियाडच्या पदकांवर दार उघडणाऱ्या जागा जगात आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळीकडे कागद लागतो. तो वेळेवर, कमीत कमी त्रासात मिळवावा आणि त्याचं ओझं रोजच्या शिकण्यावर पडू देऊ नये, एवढीच माझी भूमिका आहे.

आता कुठलं बोर्ड, हे कशाकशावर अवलंबून आहे ते पाहू. घरचा खर्च किती झेपतो, गावात काय सोय आहे, पुढे देशातच शिकायचं की बाहेर, आरक्षणाचा लाभ घ्यायचा आहे का, आणि मुलीला एकटीनं बसून अभ्यास करायला आवडतं की सोबत लागते. यातलं काही तुम्ही लिहिलंय, काही नाही. म्हणून पुढचं सगळं तुमच्या घरच्या परिस्थितीला लावून बघा.

केंब्रिज आधी बाजूला काढते. आयजीसीएसई आणि ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या दहावी-बारावीला, खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, अभ्यासक्रम उत्तम आहे, प्रश्न विचार करायला लावणारे असतात, परदेशी जायचं तर उपयोग मोठा. पण एकेका विषयाची फी भरावी लागते, खाजगी विद्यार्थ्याला बसू देणारं केंद्र पुण्या-मुंबईत शोधावं लागतं आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांची सोय वेगळी करावी लागते. इथल्या प्रवेशासाठी भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता बघावी लागते. शिवाय मे-जूनच्या सत्राचे निकाल ऑगस्टमध्ये येतात, तोवर आपल्याकडच्या प्रवेशाच्या फेऱ्या निम्म्या उरकलेल्या असतात. मार्चमध्ये भारतासाठी वेगळं सत्र असतं खरं, पण सगळे विषय त्यात नसतात. तुमची मुलगी मराठीतून शिकलेली, डोळ्यांसमोर जेईई-नीट. तिच्यासाठी हे मी सुचवणार नाही.

राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी, हा मात्र विचारात घेण्यासारखा पर्याय आहे. मराठी माध्यम, बालभारतीची पुस्तकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, आणि हातात येणारी गुणपत्रिका महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आजोबांनाही बरं वाटेल, आणि घरातली शांतता ही काही लहान गोष्ट नाही. अडचण दोन ठिकाणी. दहावीचे सगळे विषय एकाच हंगामात द्यावे लागतात. जे मूल इतकी वर्षं आपल्या गतीनं शिकलंय त्याला ते जड जातं. आणि बारावी विज्ञानाला प्रात्यक्षिकांमुळे ही वाट सोयीची नाही. म्हणजे दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात नियमित प्रवेश घ्यायचा असेल तर सतरा नंबर. पुढेही घरीच शिकायचं असेल तर दुसरा रस्ता.

तो दुसरा रस्ता म्हणजे एनआयओएस. मी बघितलेल्या घरांत बहुतेकांनी शेवटी हेच घेतलं. नियम थोडक्यात असे. दहावीला चौदा वर्षं पूर्ण हवीत. कमीत कमी पाच विषय, त्यांत निदान एक भाषा. आणखी दोन जादा घेता येतात. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं आणि नऊ संधी. एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतात, सुटलेला विषय खात्यावर जमा राहतो. दहावीला मराठी माध्यम आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचं प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे, त्यामुळे अडलं तर साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

दहावीचे पाच विषय निवडताना एक पथ्य पाळा. चित्रकला किंवा गृहविज्ञान घेऊन पाच भरवता येतात आणि मुलगी सुटेल असंही वाटतं, पण पुढे विज्ञानाची शक्यता पाच टक्के जरी असली तरी गणित, विज्ञान आणि इंग्रजी दहावीला घ्याच. चौथा मराठी, पाचवा सामाजिक शास्त्र किंवा तिच्या आवडीचा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि इंग्रजी असे बरोबर पाच होतात. गणित आणि पक्षी दोन्ही आवडणाऱ्या मुलीला यांतलं एक सोडायला आज कुणीही सांगू नये.

आता ज्या गोष्टी माहितीपत्रकात शेजारी-शेजारी छापलेल्या नसतात त्या सांगते, कारण त्रास तिथेच होतो.

पहिली, वेळापत्रकाची. एनआयओएसची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जेईई मेनचं दुसरं सत्र एप्रिलमध्ये. सीईटी एप्रिल-मेमध्ये. नीट मेच्या सुरुवातीला. राज्य मंडळाचा मुलगा मार्चमध्ये बारावी संपवून मोकळा होतो आणि उरलेले आठवडे फक्त सराव परीक्षा देतो. तुमची मुलगी त्याच आठवड्यांत रसायनशास्त्राचा बोर्डाचा पेपर लिहीत असेल. एनआयओएसची मुलं मागे पडतात असं जे तुम्ही ऐकलंय, त्यातला बराच भाग हुशारीचा नसून या गर्दीचा आहे. यावर उपाय एनआयओएसच्याच रचनेत आहे: विषय तुकड्यांनी द्या. दहावी ते बारावीचं प्रमाणपत्र यांत दोन वर्षांचं अंतर लागतं, पण दोन वर्षं पुरी व्हायच्या आत काही विषय देता येतात. इंग्रजी आणि ज्याचा प्रवेश परीक्षेशी संबंध नाही तो विषय आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला देऊन टाकायचा, म्हणजे एप्रिलला तीनच उरतात आणि तेही असे, की बोर्डाचा अभ्यास आणि प्रवेश परीक्षेचा अभ्यास एकच.

मग तिन्ही मुख्य विषयही ऑक्टोबरलाच का उरकू नयेत? नीट किंवा सीईटीच द्यायची असेल तर जरूर उरकावेत. निकाल हातात येतो आणि पुढचे महिने निव्वळ तयारीला मिळतात. पण डोक्यात आयआयटी असेल तर थांबा. आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डला सलग दोनच वर्षं बसता येतं, आणि भौतिक-रसायन-गणित घेऊन बारावीला पहिल्यांदा बसलेलं वर्ष त्या दोनांत धरलं जातं. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बसलं, तर त्या वर्षीची ॲडव्हान्स्ड तोवर होऊन गेलेली असते. म्हणजे हातात एकच संधी उरते. त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून ही अट अक्षरशः वाचा आणि मगच फॉर्म भरा.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. एनआयओएसनं आता प्रत्येक विषयाचे धडे दोन भागांत वाटलेत. साधारण चाळीस टक्के धडे गृहपाठावर तपासले जातात, म्हणजे ते टीएमए. उरलेल्या साठ टक्क्यांवर सार्वजनिक परीक्षा. बारावीचा कागद मिळवायला ही सोय फार चांगली. पण जेईई-नीटला अशी वाटणी नसते. गृहपाठाच्या भागात गेलेला धडा मुलं वरवर लिहून मोकळी होतात आणि दोन वर्षांनी त्याच धड्यावरचे प्रश्न समोर येतात. म्हणून विज्ञान घेणाऱ्या मुलांना मी एनआयओएसची पुस्तकं मुख्य म्हणून वापरू देत नाही. मुख्य पुस्तकं एनसीईआरटीची (सीबीएसईच्या शाळांत असतात ती), अकरावी आणि बारावी दोन्ही, धडा न गाळता. ती संकेतस्थळावर फुकट मिळतात. राज्याची सीईटी महत्त्वाची असेल तर जोडीला बालभारतीची. एनआयओएसचं पुस्तक शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, बोर्डाची प्रश्न विचारण्याची पद्धत समजून घेण्यापुरतं.

म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष करा असं मात्र मुळीच नाही. एनआयटी, आयआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. पुण्याच्या आयसरला, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थेला, ६० टक्के. नीटला भौतिक-रसायन-जीव मिळून ५०, आरक्षित प्रवर्गाला ४०. टीएमएचे वीस टक्के आणि प्रात्यक्षिकाचे गुण हे हातचे गुण आहेत, ते सोडू नका. टीएमए हातानं नीट लिहायचं, आकृत्या काढायच्या, मुदतीच्या आधी चढवायचं. प्रात्यक्षिकांसाठी अभ्यास केंद्र निवडतानाच जाऊन प्रयोगशाळा बघून या. व्हर्नियर कॅलिपर हातात न धरता बारावी झालेली मुलं आहेत, आणि ते त्यांच्यावर अन्यायकारक आहे.

आता भाषेचं. तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या बाबतीत बोर्डापेक्षा हा मुद्दा मोठा आहे. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राला मराठीचा पर्याय असतो, गणित इंग्रजीत. ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. परीक्षा मराठीत देता येते हे खरं, पण दर्जेदार सराव प्रश्न, सराव परीक्षा, उत्तरांचं स्पष्टीकरण हे सगळं आजही बहुतांशी इंग्रजीत आहे. म्हणून माझा सल्ला असा: दहावीपर्यंत मराठी सोडू नका, कारण कल्पना तिच्या मनात मराठीतच घट्ट बसतायत. पण आजपासून तांत्रिक शब्द दोन्ही भाषांत चालू द्या. वहीच्या डाव्या पानावर मराठीत लिहिलेलं 'संवेग', उजव्या पानावर 'मोमेंटम', आणि उदाहरण एकदा या भाषेत तर एकदा त्या भाषेत. रोज एनसीईआरटीचं एक पान मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ तिनं तुम्हाला मराठीत सांगायचा. दीड-दोन वर्षांत अकरावीचं इंग्रजी पुस्तक तिला परकं वाटत नाही. हे मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबरोबर सतत करते आणि यात घाई लागत नाही, सातत्य लागतं.

तयारीकडे वळते. घरी शिकलेल्या मुलांना विषय कमी येतो असा माझा अनुभव नाही. त्यांना कमी पडतो तो ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या जागी, न आवडणारे प्रश्नही सोडवत राहण्याचा सराव. माझ्याकडे कोल्हापूरचा एक मुलगा होता. कप्पीवरून गेलेली दोरी, दोन टोकांना दोन वजनं, त्वरण काढा, एवढंच गणित. त्यानं आधी बलांची समीकरणं मांडून काढलं. मग ऊर्जेच्या अक्षय्यतेनं तेच उत्तर आलं का पाहिलं. मग दोन्ही वजनांचं वस्तुमानकेंद्र कसं खाली सरकतं ते रेखाटून तिसऱ्यांदा काढलं. तिन्ही उत्तरं जुळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाऊण तास गेला. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एकाला अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. सीईटीत भौतिक-रसायनचे १०० प्रश्न ९० मिनिटांत. त्याच्या पहिल्या सराव परीक्षेत सोडवलेलं जवळजवळ सगळं बरोबर होतं आणि निम्म्याहून जास्त पेपर कोरा होता.

त्या मुलाची पाऊण तासाची सवय मोडायची नव्हती. तीच त्याची ताकद होती, पुढे संशोधनात गेला तर तीच कामाला येणार. म्हणून आम्ही दिवसाचे दोन भाग केले. सकाळी सावकाश, खोल, घड्याळ न लावता. संध्याकाळी घड्याळ लावून पंचवीस-तीस प्रश्न, तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त ते प्रश्न, ज्यांची वाट वाचताक्षणी दिसते. दुसरीत ज्यांना आकडेमोड आहे. तिसरीत उरलेले, आणि तेही वेळ असेल तर. आवडलेला अवघड प्रश्न सोडून पुढे जाणं हे वेगळं शिकावं लागतं, आणि ते फक्त करूनच येतं.

याच्या जोडीला एक चुकांची वही. प्रत्येक चुकीच्या प्रश्नापुढे कारण लिहायचं: कल्पनाच कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न वाचताना काही निसटलं, की वेळ संपला. महिन्याभरानं वही चाळली की उपाय आपोआप दिसतो. वाचताना निसटणारी मुलं 'नाही', 'वगळून', 'किमान' हे शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करायला लागली की त्यांचे गुण वाढतात, त्यासाठी एकही नवा धडा शिकावा लागत नाही.

प्रत्येक परीक्षेचा स्वभाव वेगळा आहे, तो थोडक्यात सांगते. नीटमध्ये २०२५ पासून १८० प्रश्न १८० मिनिटांत, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे, कागदावर, पेनानं गोल रंगवून. चूक झाली की एक गुण जातो. एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळ न् ओळ माहीत हवं. सीईटीत चुकीला दंड नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अकरावीचा भाग साधारण वीस टक्के, बाकी बारावी. आणि तुमच्या मुलीसाठी मला सगळ्यात जवळची वाटते ती आयसरची चाचणी: जीव, रसायन, गणित, भौतिक यांचे प्रत्येकी १५, एकूण ६० प्रश्न, तीन तास. प्रश्नाला सरासरी तीन मिनिटं, म्हणजे विचार करायला जागा आहे. गणितात रमणारी, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी मुलगी डॉक्टर-इंजिनिअर याच दोन शब्दांत का बोलते, तर मामेभावाच्या घरी तेच दोन शब्द ऐकू येतात म्हणून. तिला एकदा पुण्याला आणा. आयसरमध्ये लोकांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम होत असतात, त्यातला एखादा दाखवा. पशुवैद्यक हीसुद्धा एक वाट आहे आणि आपल्या राज्यात ती नीटमधूनच जाते. पर्याय ठरवायला अजून दोन वर्षं आहेत. पर्याय असतात हे तिला आत्ता कळलं पाहिजे.

क्लास लावायचा का? दहावीपर्यंत नको. नंतर, तुमच्यापैकी कुणाला अकरावी-बारावीचं शिकवता येत नसेल तर एक-दोन विषयांना चांगला शिक्षक शोधा, आणि सगळ्यांनीच एखादी सराव परीक्षामाला लावावी. महागडा दोन वर्षांचा कोर्स घेऊन, त्याचंच वेळापत्रक घरी पाळायचं असेल तर घरी राहण्याचा फायदा काय? नुसतं नाव घालून वर्गात न जाण्याचा 'डमी' प्रवेश मात्र टाळा. सीबीएसई अशा शाळांवर कारवाई करते आहे, आणि मान्यता गेली की मुलांचं मधल्या मध्ये नुकसान होतं. एनआयओएसमध्ये हजेरीची अटच नसताना खोट्या हजेरीचा आसरा कशाला घ्यायचा?

साताऱ्यात आणि आता तालुक्यांतही एमपीएससीच्या मुलांसाठी अभ्यासिका झाल्यात. बारावीच्या वर्षी दर रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात तिला तिथं एक पूर्ण पेपर सोडवायला पाठवा, पाण्याची बाटली आणि घड्याळ घेऊन. अनोळखी माणसांत, पंख्याच्या आवाजात, मधे न उठता तीन तास बसणं तिनं कधीच केलेलं नाही. शाळेतल्या मुलांना हे अंगवळणी पडलेलं असतं. आपल्या मुलांना ते मुद्दाम द्यावं लागतं आणि आठ-दहा रविवारांत जमून जातं.

आजोबांच्या म्हणण्याबद्दल. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, त्यात पालकांनी सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालावं असं कर्तव्य सांगितलंय, पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. मुलगी तशीही वर्षभरात चौदाची होईल. पण कायद्यापेक्षा त्यांच्या मनातली काळजी मला महत्त्वाची वाटते. प्रवेश परीक्षेसाठी म्हणून तिला शाळेत घालायची गरज नाही. तिला स्वतःला मैत्रिणी हव्यात, प्रयोगशाळा हवी, दुसऱ्या कुणाकडून शिकायचंय असं ती म्हणाली, तर अकरावीला प्रवेश घेणं हा चांगला निर्णय ठरेल; दहावी घरून केलेली कितीतरी मुलं तसं करतात आणि रमतात. ते तिच्याशी, तुम्ही दोघांनी आणि आजोबांनीही बसून बोला.

थोडक्यात क्रम असा धरा. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष बोर्डाचं नाव न काढता गणिताचा पाया, विज्ञान आणि दोन भाषांतली वही. चौदा पूर्ण झाल्यावर एनआयओएस दहावीची नोंदणी, आणि दोन हंगामांत मिळून पाच विषय. मग दोन वर्षं बारावी, पहिल्या वर्षी अकरावीची एनसीईआरटी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजी आणि पाचवा विषय, एप्रिलमध्ये बाकीचे. बारावी सतराव्या वर्षी होते. नीटला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण लागतात, तेव्हा आणखी लवकर उरकण्यात काही फायदाही नाही.

आणि कागदपत्रं. हे काम आत्ता करा, कारण ऐन जुलैत, फेऱ्या चालू असताना, याच गोष्टींवर घरंच्या घरं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. एनआयओएसचं अभ्यास केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. शेजारच्या राज्यातलं केंद्र सोपं आहे असं कुणी सांगितलं तरी नको. राज्याच्या कोट्यातल्या प्रवेशाला दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली आणि जोडीला अधिवास, असं मागितलं जातं. चौथीच्या शाळेचा दाखला सापडत नसेल तर आजच त्या शाळेत जाऊन दुसरी प्रत घ्या. जन्मदाखला, आधार आणि तो दाखला, तिन्हींवर तिचं, तुमचं आणि आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. वेगळं असेल तर दहावीच्या नोंदणीआधी दुरुस्त करा, नंतर एनआयओएसच्या प्रमाणपत्रावर जे छापलं जाईल तेच पुढे चालतं. अधिवासाच्या दाखल्यासाठी शाळेचे वर्षावर्षाचे पुरावे तुमच्याकडे नसणार, म्हणून रेशनकार्ड, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. आरक्षण लागू असेल तर जात पडताळणीचा अर्ज दहावीचा निकाल लागला की लगेच मार्गी लावा; कॉलेजचं पत्र पाठीशी नसलं की तो रेंगाळतो. बारावीनंतर शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी एनआयओएसचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ते निकालाबरोबर मागून घ्या.

मुलगी बीजगणितात सध्या कुठवर आलीय आणि इंग्रजीतलं विज्ञानाचं एक पान कितपत समजतं, एवढं कळवा. म्हणजे या वर्षासाठी पुस्तकं कोणती घ्यायची ते नेमकं सांगता येईल.